प्राप्तिकर कशासाठी, आणि इतका अवघड कशासाठी?

दिवाळी सरली की अर्थसंकल्पाची चाहूल लागते आणि व्यापारी संघ, उद्योजकांची मंडळे, विश्वस्तांच्या संघटना दिल्लीला निवेदने पाठवू लागतात. या निवेदनांचा एक साचा ठरून गेला आहे. पहिल्या पानावर, करकायदा सोपा व्हावा, अशी मागणी असते. दुसऱ्या पानापासून सवलतींची यादी सुरू होते : वजावटीची मर्यादा वाढवावी, अमुक व्यवसायाला निराळा दर लावावा, तमुक खर्च वजा धरावा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, हे निवेदन लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही असे नाही; पण पहिली मागणी सर्वांसाठी असते आणि दुसरी स्वतःसाठी. १९६१ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली, तेव्हा पेढ्यापेढ्यांतून पहिला प्रश्न उमटला तो हाच : आपली सवलत राहिली ना? हा कर मुळात कशासाठी आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले, राणीचे आले आणि त्याबरोबर लष्करी खर्चाचा व कर्जाचा मोठा डोंगर नव्या सरकारच्या डोक्यावर आला. तो उतरवण्यासाठी जेम्स विल्सन या गृहस्थांना इंग्लंडहून कलकत्त्यास धाडण्यात आले. टोप्यांच्या धंद्यातून पुढे आलेले हे स्कॉटिश गृहस्थ ‘द इकॉनॉमिस्ट’ या नियतकालिकाचे संस्थापक होते. त्यांच्या पुढाकाराने २४ जुलै १८६० रोजी हिंदुस्थानातील पहिला प्राप्तिकर कायदा संमत झाला, आणि तीन आठवड्यांच्या आत कलकत्त्याच्या हवेने विल्सनसाहेबांचा बळी घेतला. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला उघड विरोध केला, म्हणून त्यांना माघारी बोलावण्यात आले. म्हणजे या कराचा जन्मच भांडणात झाला. १८६५ साली तो मागे घेतला गेला. पुढे तो निरनिराळ्या रूपांत येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा स्थिरावला. शेतीचे उत्पन्न त्या कायद्याने वगळले, ते आजतागायत वगळलेलेच आहे.

सरकारची गरज हे करामागचे कारण झाले. त्याचे समर्थन त्यातून होत नाही. ते समर्थन पुढे आपल्याच प्रांतातील एका माणसाने फार स्पष्टपणे मांडले. गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत. गणित हा त्यांचा विषय, आणि अंकगणितावर त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहिले होते. २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या विधिमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत शिल्लक होती आणि त्या शिलकेचे कौतुक चालले होते. प्रजा दुष्काळाने व प्लेगने पिचलेली असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेहून अधिक घेतला जात आहे, असे गोखल्यांचे म्हणणे होते. त्यांनी दोन मागण्या एकत्र मांडल्या. मिठावरील कर कमी करावा, आणि प्राप्तिकर ५०० रुपयांच्या ऐवजी १,००० रुपयांच्या वरील उत्पन्नावर घ्यावा. १९०३ मध्ये दोन्ही गोष्टी घडल्या. मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा एक हजारावर गेली.

प्राप्तिकर रद्दच करावा, असे गोखल्यांनी म्हटले नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मिठाचा कर आणि प्राप्तिकर यांची तुलना केली की त्याचे कारण कळते. शेतमजुराच्या भाकरीत जेवढे मीठ लागते तेवढेच सावकाराच्या भाकरीत लागते. म्हणून मिठावरचा कर दोघांना सारखा आणि मजुराला जीवघेणा. वस्तूवरील कोणताही कर घेणाऱ्याचे तोंड पाहत नाही. आजचा वस्तू व सेवा करही पाहत नाही. साबणाच्या वडीवर कारखानदार आणि त्याच्या कारखान्यातील झाडूवाला एकच दर भरतात. ‘तुझी ऐपत किती?’ हे माणसाला विचारून मग मागणारा कर म्हणजे प्राप्तिकर. ज्याला पोट भरण्यापुरतेच मिळते त्याच्याकडून काही मागू नये, ज्याच्याकडे उरते त्याच्याकडून मागावे आणि ज्याच्याकडे पुष्कळ उरते त्याच्याकडून थोड्या चढत्या प्रमाणात मागावे, हा त्याचा गाभा. राज्याचा खर्च चालवणे हे तर सर्वच करांचे काम आहे. तो भार ऐपतीनुसार वाटणे हे प्राप्तिकराचे खास काम.

आज या कामाचा आकार केवढा झाला आहे, हे केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातून दिसते. तिजोरीत येणाऱ्या प्रत्येक रुपयातील २२ पैसे व्यक्तींच्या प्राप्तिकरातून आणि १७ पैसे कंपन्यांच्या करातून येतील, असा अंदाज त्यात होता. एकेकाळी कंपन्या अधिक भरत. आता पगारदार, व्यावसायिक आणि दुकानदार मिळून कंपन्यांहून अधिक भरतात. खर्चाच्या रुपयातून २२ पैसे राज्यांच्या वाट्याला, २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजाला आणि ८ पैसे संरक्षणाला जातात. देशातील प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रात गोळा होते, याचा आपल्याकडे अभिमानाने आणि कधी तक्रारीच्या सुरात उल्लेख होतो. मात्र ती सगळी महाराष्ट्रात कमावलेली नसते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले की बिहारमध्ये विकलेल्या मालावरील नफ्याचा करही मुंबईतच भरला जातो. वित्त आयोगाच्या वाटपात राज्यांच्या हिश्शापैकी सव्वासहा टक्क्यांच्या आसपास महाराष्ट्राला मिळतात. हे कमी वाटत असेल तर प्राप्तिकराचे तत्त्वच पुन्हा आठवावे लागेल. ऐपतवाल्याने अधिक द्यायचे, हे माणसाला लागू असेल तर राज्यालाही लागू आहे.

मग इतक्या सरळ तत्त्वावर उभा असलेला कर इतका गुंतागुंतीचा कसा झाला?

त्याची पहिली पायरी दरांची आहे. स्वातंत्र्यानंतर ‘चढते प्रमाण’ हे तत्त्व इतके ताणले गेले की १९७३-७४ साली सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतून कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. वर संपत्तीकर निराळा. एवढा कर प्रामाणिकपणे भरणारे फार थोडे होते, आणि भरण्याची वेळ येऊ नये म्हणून कायदेशीर पळवाटा शोधणारे फार. निवृत्त सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने १९७१ च्या अहवालातच सांगितले होते की, हा चढा दरच करचुकवेगिरीला जन्म देत आहे. १९७४ मध्ये दर ७७ टक्क्यांवर आला, १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो ५० वर आणला, १९९२ मध्ये मनमोहन सिंग यांनी २०, ३० व ४० अशा तीनच पायऱ्या ठेवल्या आणि १९९७ मध्ये चिदंबरम यांनी त्या १०, २० व ३० केल्या. दर उतरले, पण चढ्या दरांच्या काळात वाढलेले सवलतींचे रान तसेच राहिले.

दुसरी पायरी त्या रानाचीच आहे. कोणतीही सवलत वाईट हेतूने जन्माला येत नाही, हे मान्य केले पाहिजे. लोकांनी बचत करावी म्हणून विमा हप्त्यांना वजावट. घर घ्यावे म्हणून कर्जाच्या व्याजाला वजावट. भाड्याने राहणाऱ्यावर अन्याय नको म्हणून घरभाडे भत्त्याला सूट. आजारपणासाठी, शिक्षणासाठी, दानासाठी, मागास भागातील कारखान्यासाठी, सहकारी संस्थेसाठी अशीच एकेक सूट. प्रत्येक सवलतीबरोबर तिचा गैरफायदा कुणी घेऊ नये म्हणून एक अट आली, अटीला अपवाद आला, अपवादाला परंतुक आले आणि परंतुकाला स्पष्टीकरण. १९६१ च्या कायद्यात मुळात २९८ कलमे होती. शेवटच्या कलमाचा क्रमांक अखेरपर्यंत २९८ च राहिला. पण मधल्या आकड्यांना इंग्रजी अक्षरांच्या शेपट्या जोडता जोडता प्रत्यक्षात कलमे आठशेच्या वर गेली. एकट्या १९४ या क्रमांकाला मुळातून करकपातीची एवढी पिल्ले झाली की वर्णमाला संपत आली.

या सवलतींचे आणखी एक लक्षण आहे, ते क्वचित बोलले जाते. वजावटीचे मोल प्रत्येकाला सारखे नसते. दीड लाखाची बचत दाखवणाऱ्या माणसाचा दर ३० टक्के असेल तर त्याचे ४५ हजार वाचतात, दर ५ टक्के असेल तर साडेसात हजार, आणि ज्याला करच लागत नाही त्याचे काहीच वाचत नाहीत. म्हणजे बचतीला उत्तेजन द्यायचे ठरवून सरकार सर्वांत मोठे उत्तेजन देते ते ज्याला त्याची गरज सर्वांत कमी आहे त्याला. ऐपतीप्रमाणे भार वाटणारा कर अशा रीतीने मागच्या दाराने उलटा फिरतो.

हे रान तोडायचे तर कसे, याचा पहिला प्रयोग २०२० साली झाला. सवलती सोडा आणि कमी दर घ्या, अशी नवी करप्रणाली आली. पण जुनी रद्द करण्याचे धाडस झाले नाही. ती पर्याय म्हणून ठेवली गेली. परिणाम असा की, एका कायद्याच्या जागी व्यवहारात दोन झाले, आणि जो करदाता एकदा हिशेब करीत होता तो आता दोनदा करून कोणता बरा ते पाहू लागला. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला तर नव्या प्रणालीतून बाहेर पडल्यावर परत येण्याची संधी एकदाच. त्यामुळे त्याला या वर्षाबरोबर पुढच्या चार वर्षांचाही अंदाज बांधावा लागतो. सोपेपणाच्या नावाने आलेली ही गुंतागुंत आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्य केला, तो आनंदाचा विषय झाला. त्यातील गणित पाहण्यासारखे आहे. मुळात करमुक्त मर्यादा चार लाखांचीच आहे. चार ते आठ लाखांना ५ टक्के आणि आठ ते बारा लाखांना १० टक्के, असा साठ हजारांचा कर लागतो आणि मग तेवढीच सूट देऊन तो शून्य केला जातो. आता एखाद्याचे करपात्र उत्पन्न बारा लाख दहा हजार झाले, तर सूट जाते आणि हिशेबाने कर ६१,५०० रुपये येतो. दहा हजार जास्त मिळाले म्हणून साडेएकसष्ट हजार कसे घ्यायचे? म्हणून पुन्हा एक दिलासा : बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम, तेवढाच कर. म्हणजे वरचे दहा हजार सगळेच्या सगळे सरकारचे. उपकर बाजूला ठेवला तरी बारा लाखांपासून साधारण बारा लाख सत्तर हजारांपर्यंत प्रत्येक वाढीव रुपयावर शंभर टक्के कर बसतो. १९७३ च्या ९७.७५ टक्क्यांना आपण आजही नावे ठेवतो. हा दर त्याहून चढा आहे, फक्त तो लहानशा पट्ट्यात आणि अशा सूत्रात दडला आहे की पगारवाढ झालेल्या माणसाला तो जुलैत विवरणपत्र भरताना कळतो. करमुक्त मर्यादाच सरळ वाढवली असती तर हा खड्डा पडला नसता. पण मग तिचा लाभ पन्नास लाखवाल्यालाही मिळाला असता, आणि तिजोरीला ते परवडले नसते. सोपेपणाला किंमत असते ती अशी.

ती किंमत कुणी द्यायची, यावरूनच सोपेपणाचे प्रयत्न अडतात. २३ जुलै २०२४ ची गोष्ट याचा उत्तम नमुना आहे. त्या दिवसापर्यंत घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावर २० टक्के कर होता. मात्र जुन्या खरेदी किमतीला महागाईच्या निर्देशांकाने वाढवून घेता येत असे. अर्थमंत्र्यांनी निर्देशांकाची पद्धत रद्द केली आणि दर साडेबारा टक्क्यांवर आणला. एकच दर, एकच रीत. दुसऱ्याच दिवसापासून घरोघरी आकडेमोड सुरू झाली.

समजा २००१-०२ मध्ये दहा लाखांना घेतलेले घर २०२४-२५ मध्ये विकले. निर्देशांक १०० वरून ३६३ वर गेलेला. म्हणून जुन्या रीतीने खरेदी किंमत ३६ लाख ३० हजार धरली जाते. घर पन्नास लाखांना गेले, तर जुन्या रीतीने कर २ लाख ७४ हजार आणि नव्या रीतीने ५ लाख. घर एक कोटीला गेले, तर जुन्या रीतीने १२ लाख ७४ हजार आणि नव्याने ११ लाख २५ हजार. साधारण ऐंशी लाखांच्या अलीकडे नव्या रीतीत तोटा, पलीकडे फायदा. लहान गावातील वडिलोपार्जित वाडा, ज्याची किंमत महागाईच्या मागेच रखडत चालली, त्याच्या मालकाला ही सुधारणा महाग पडत होती. मुंबई-पुण्यातील मोक्याच्या जागेवर फ्लॅट असलेल्याला स्वस्त. हाकाटी झाली आणि ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली : २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनी-इमारतींच्या बाबतीत देशात राहणारी व्यक्ती किंवा अविभक्त कुटुंब दोन्ही रीतींनी हिशेब करून कमी येईल तो कर भरू शकते.

न्यायाच्या दृष्टीने ही दुरुस्ती योग्यच होती, असे माझे मत आहे. कारण महागाईने फुगलेली किंमत हा खरा नफा नव्हे, आणि जो नफा नाही त्यावर कर घेणे प्राप्तिकराच्या तत्त्वात बसत नाही. पण तिने एकाच्या जागी पुन्हा दोन रीती आणल्या, हेही खरे. आजीच्या सोन्याला तर ही मुभा मिळालीच नाही. पाटल्या विकणाऱ्या घराला नवीच रीत. सोपे आणि न्याय्य हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो. ते नेहमी हातात हात घालून चालतातच असे नाही.

आता नव्या कायद्याकडे पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये विधेयक मांडताना सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे जुन्या कायद्यातील सुमारे ५ लाख १२ हजार शब्दांचे २ लाख ६० हजार झाले, ८१९ कलमांची ५३६ झाली, बाराशे परंतुके आणि नऊशे स्पष्टीकरणे गेली. त्यांची जागा तक्त्यांनी व सूत्रांनी घेतली. बचतीचे प्रसिद्ध ८०-सी आता १२३ क्रमांकाने ओळखले जाईल. करकपातीचे पसरलेले कुटुंब ३९३ या एका कलमाच्या तक्त्यात बसवले आहे. सर्वांत चांगला बदल एका शब्दाचा आहे. ज्या वर्षी कमावले ते ‘पूर्ववर्ष’ आणि ज्या वर्षी आकारणी व्हायची ते ‘निर्धारण वर्ष’, या जोडगोळीने कित्येक पिढ्यांच्या मुनिमांना छळले होते. चलनावर चुकीचे वर्ष पडले की भरलेला कर दुसऱ्याच वर्षाच्या खात्यावर जाऊन बसे आणि पाठोपाठ नोटीस येई. आता एकच ‘करवर्ष’. चोपडीतले वर्ष आणि कराचे वर्ष एक झाले, ही सामान्य माणसाच्या दृष्टीने खरीखुरी सुधारणा आहे.

तथापि शब्द कमी होणे आणि कायदा सोपा होणे या एकच गोष्टी नव्हेत. याचा धडा आपल्या मंदिरांशी आणि संस्थांशी थेट संबंध असलेल्या एका कलमाने दिला. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर २००६ पासून आहे. निव्वळ धार्मिक न्यासांना तो लागत नाही. आणि धार्मिक व धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या न्यासांनाही लागत नाही, मात्र ती निनावी देणगी त्यांच्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी म्हणून दिलेली नसावी. फेब्रुवारीच्या विधेयकात शब्द आटोपशीर करताना या दुसऱ्या वर्गाचा उल्लेखच गळला. मंदिराबरोबर धर्मशाळा, पाठशाळा आणि भोजनशाळा चालवणाऱ्या आपल्या बहुसंख्य संस्था याच वर्गात मोडतात. भंडारपेटीत पडणाऱ्या गुप्तदानाचा तीस टक्के भाग त्यांना सरकारजमा करावा लागला असता. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने हा भाग परत घालण्याची शिफारस केली, आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या नव्या विधेयकात तो आला. दोन-तीन शब्द वाचवण्याच्या भरात केवढे बदलणार होते, ते यावरून दिसते.

गुप्तदानाविषयी एक गोष्ट विश्वस्तांनी मनात स्पष्ट ठेवावी. दात्याचे नाव जगाला न कळणे हे आपले गुप्तदान; कायद्याच्या भाषेतील निनावी देणगी निराळी. देणारा कोण, याची नोंदच घेणाऱ्या संस्थेने ठेवलेली नसेल, तर ती निनावी. नाव फलकावर न लावता, सभेत न घेता केवळ संस्थेच्या दप्तरात नोंदवले, तर दान जगापुरते गुप्तच राहते आणि कायद्यापुरते निनावी राहत नाही. दानाच्या वजावटीची बाब याहून निराळी आहे. नव्या करप्रणालीत दात्याला ८०-जीची वजावट मिळत नाही. त्यामुळे देणग्या आटतील, अशी भीती काही संस्थांच्या बैठकांतून व्यक्त होते. पण ज्या दात्याचा कर आता शून्य झाला आहे त्याला वजावटीचा उपयोगच नव्हता. आणि ज्याला आहे तो जुनी प्रणाली निवडू शकतो. संस्थांवर आलेला दात्यांच्या याद्या सादर करण्याचा आणि प्रमाणपत्रे काढण्याचा भार मात्र या वजावटीपायीच आहे, हे विसरू नये.

खऱ्या अर्थाने सोपा असा भाग आपल्या कायद्यात एक आहे, आणि त्याचे कौतुक फार कमी होते. वर्षाची उलाढाल दोन कोटींपर्यंत (रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर तीन कोटींपर्यंत) असलेल्या दुकानदाराने उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत वा मोबाइलवरून आलेल्या रकमेच्या ६ टक्के, नफा मानून कर भरावा. हिशेबवह्यांची सक्ती नाही, लेखापरीक्षण नाही. एक कोटीची विक्री सगळी बँकेतून झाली, तर नफा सहा लाख मानायचा. नव्या प्रणालीत दुसरे काही उत्पन्न नसेल तर कर शून्य. प्रत्यक्षात कुणाला सात टक्के सुटतात, कुणाला पाच. किंचित अन्याय दोन्हीकडे होतो. तरी लोक आनंदाने हा मार्ग घेतात, कारण आपल्याला किती भरायचे आहे हे त्यांना अकाउंटंटकडे न जाता कळते. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथने चांगल्या कराची जी लक्षणे सांगितली त्यांत निश्चितता हे एक होते. अनिश्चितपणाचे थोडेही प्रमाण मोठ्या विषमतेपेक्षा वाईट, असा त्याचा आशय होता. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय समजते.

याच मापाने पाहिले तर करायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. करावर ४ टक्के उपकर लावून तो आरोग्य-शिक्षणाचा म्हणायचा आणि राज्यांना त्यात वाटा द्यायचा नाही, यापेक्षा तो दरातच मिळवून टाकावा. बारा लाखांजवळचा खड्डा बुजवावा. दोन प्रणालींपैकी एकीला निरोप द्यावा, आणि माझ्या मते तो जुनीलाच द्यावा लागेल. त्यात गृहकर्ज घेतलेल्या तरुण जोडप्याचे नुकसान आहे, हे मी जाणतो. त्याला काही वर्षांची मुदत देता येईल.

आणि एक गोष्ट अशी आहे जी आपल्या वाचकांना आवडणार नाही. हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे एचयूएफ, हा करदात्याचा स्वतंत्र प्रकार. हिंदूंबरोबर जैन, बौद्ध, शीख कुटुंबांनाही तो मिळतो. ख्रिस्ती, पारशी, मुसलमान कुटुंबांना नाही. केरळने १९७० च्या दशकात कायदा करून एकत्र कुटुंबाची ही मालकीपद्धतच संपवली. आपल्याकडे घरे कधीच विभक्त झाली, तरी करापुरते कुटुंब अविभक्त राहिले. आता त्याचा लाभ कुणाला होतो ते पाहावे. नव्या प्रणालीतील साठ हजारांची सूट केवळ व्यक्तींना आहे, एचयूएफला नाही. दुकानाच्या गाळ्याचे भाडे वगैरे मिळून वर्षाला आठ लाखांचे करपात्र उत्पन्न एचयूएफच्या नावावर असेल, तर त्यावर वीस हजार कर व वर उपकर लागतो. तेवढेच उत्पन्न दुसरे काही नसलेल्या एखाद्या सदस्याचे असते, तर काहीच लागला नसता. उलट ज्या घरातील कर्त्याचे स्वतःचे उत्पन्न चोवीस लाखांच्या वर आहे, त्याच्या एचयूएफमधील चार लाख करमुक्त राहतात आणि एक लाख वीस हजार वाचतात. म्हणजे मध्यम घराला ही सवलत आता ओझे झाली आहे आणि वरच्या घराला तेवढी ती उरली आहे. पुढच्या निवेदनाच्या पहिल्या पानावर कायदा सोपा करण्याची मागणी लिहिताना, त्याखाली ही सवलत सोडण्याची तयारी लिहायला आपल्यापैकी कोण पुढे येतो, ते पाहायचे.